दगडावर कोरलेले सगळेच खरे असते काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी कोळवण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला होता 'आपला गौरवशाली इतिहास'. गौरवावर बोलणारे वक्ते समाजात पुष्कळ आहेत आणि टाळ्याही त्यालाच पडतात. आम्ही म्हटलं, विषय जरा वळवला तर चालेल का? ते म्हणाले, वळवा. तेव्हा आज आम्ही बोलणार आहोत ते इतिहासाच्या खरेपणावर. शंभर, दोनशे, दोन हजार वर्षांपूर्वी अमुकच घडलं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्यावर विश्वास किती ठेवायचा आणि कशाच्या जोरावर ठेवायचा.

आम्ही काही प्राध्यापक नव्हे. आमचं शिक्षण शाळेत कमी आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात जास्त झालं. पण गिरणीने एक गोष्ट शिकवली. गिरणीत मस्टर असतं. मस्टरवर हजेरी पडली म्हणजे माणूस आत आला, त्याचा पगार निघाला, एवढं कळतं. त्या दिवशी साच्यावर कुणी किती राबलं, बदली कामगार गेटवर किती वेळ ताटकळला, कुणाचं बोट गेलं, ते मस्टरात नसतं. मग मस्टर खोटं का? खोटं नाही. ते पगार वाटण्यासाठी ठेवलेलं आहे, तेवढ्यापुरतं खरं आहे. इतिहासाचं साधन कागद असो, दगड असो की आजीची गोष्ट, आधी हे विचारायचं की हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं. आणि चौथा प्रश्न आमचा स्वतःचा : यात नाव कुणाचं नाही?

आता आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ. हा समोर तिकोना. तो ओलांडला की पवन मावळ, तिथे बेडसे लेणी, पुढे कार्ले आणि भाजे. आपल्याच आज्या-पणज्या या लेण्यांना पांडवांची लेणी म्हणायच्या. पांडवांनी एका रात्रीत कोरायला घेतली, कोंबडा आरवला आणि काम अर्धं राहिलं, ही गोष्ट महाराष्ट्रात कितीतरी लेण्यांना चिकटवलेली आहे. खरं तर भिंतीवर अक्षरं होती. डोळ्यांसमोर होती. पण ब्राह्मी वाचणारा कित्येक शतकं कुणी उरलाच नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली, आणि पुढे लेण्यांतले लेख वाचले गेले. तेव्हा काय निघालं? कार्ल्याचं चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठने उभं केलं. खांबांवर धेनुकाकट गावच्या लोकांची नावं, त्यांत यवन म्हणजे परदेशी माणसंही आहेत. एक सुतार आहे, एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. बेडशाला नाशिकच्या आनंद शेठच्या मुलाचं, पुष्यणकाचं, दान आहे. आणि रानात राहणाऱ्या गोभूती नावाच्या भिक्खूचा स्तूप त्याच्या शिष्याने केलेला आहे. राजाने एकट्याने नव्हे, कष्टकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी वर्गणी घालून उभी केलेली ही लेणी. जशी आज आपण विहारासाठी पावती फाडतो, तशीच. कार्ल्याच्या एका लेखात 'मामाल' हे नाव आहे, आणि तेच आपलं मावळ असं अभ्यासक मानतात. पांडवांचा प्रश्न इथे मिटला.

पण मंडळी, इथेच एक खड्डा आहे. कार्ल्याच्या सिंहस्तंभावर दान देणाऱ्याचं नाव आहे महारठी अगिमित्रणक. बेडशाला पुष्यणक. आपल्यातले काही उत्साही लोक लगेच म्हणतात, बघा, 'णक' म्हणजे नाक, रायनाक-सिदनाकातला नाक, आणि महारठी म्हणजे महार! म्हणजे लेणी आपल्या पूर्वजांनीच कोरली. ऐकायला गोड वाटतं, मोह होतो. पण या दोन नाकांच्या मध्ये सतराशे-अठराशे वर्षांचं अंतर आहे. मधला एकही दुवा हातात नसताना दोन आवाज सारखे आहेत म्हणून नातं जोडायचं, तर मग पांडवांच्या गोष्टीने काय घोडं मारलं होतं? हे आम्ही मुद्दाम आपल्याच विहारात सांगतो आहोत. दुसऱ्याच्या पुराणाला पुरावा मागायचा आणि आपल्या पुराणाला हार घालायचा, हे चालायचं नाही.

बरं, अक्षर वाचता आलं म्हणजे तरी सगळं खरं का? नाशिकच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात सांगतो की आपण तीन लाख गायी दान दिल्या. तीन लाख! त्या मोजल्या कुणी, बांधल्या कुठे, चारा कुणी घातला? दगडावर कोरलं म्हणून आकडा खरा होत नाही. कोरणारा पैसे घेऊन कोरतो, कोरवून घेणारा आपलाच मोठेपणा सांगतो. आज चौकातल्या फ्लेक्सवर 'कार्यसम्राट' लिहितात त्यातलाच हा प्रकार, फक्त पावसात भिजत नाही.

त्याच नाशिकच्या लेण्यात दुसरा लेख आहे, तो तर आपल्या वक्त्यांनी नीट वाचायला हवा. गौतमी बलश्री ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. ती लेणं दान देते बौद्ध भिक्खूंना. आणि मुलाचं कौतुक काय करते? की त्याने क्षत्रियांचा गर्व उतरवला, आणि चार वर्णांचा संकर थांबवला. होय, चातुर्वर्ण्य राखल्याचा गौरव बौद्ध लेण्याच्या भिंतीवर आहे. आमचे काही वक्ते सातवाहनांना सरसकट बौद्ध राजे करून टाकतात. ते भिक्खूंना दान देत होते हे खरं, वर्णव्यवस्थेचा अभिमान बाळगत होते हेही खरं. अर्धंच सांगितलं तर उद्या आपलाच एखादा शिकलेला पोरगा नाशिकला जाऊन वाचेल आणि मग आपलं दुसरं काहीच खरं मानणार नाही.

याच लेखात तिच्या मुलाने नहपानाच्या क्षहरात कुळाचा पाडाव केल्याचंही म्हटलं आहे. ही आईची बढाई की खरी गोष्ट? १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांवर. सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने वरून आपला ठसा मारलेला. आता मात्र मानावं लागतं. आईने सांगितलं म्हणून नव्हे. ज्याला तिचं कौतुक करायचं नव्हतं अशा दुसऱ्याच साक्षीदाराने, म्हणजे नाण्याने, तेच सांगितलं म्हणून. इतिहासात सत्याच्या जवळ जायची हीच वाट आम्हाला दिसते. एकमेकांशी संगनमत नसलेले दोन साक्षीदार.

सम्राट अशोकाबद्दलही हे बोलायला कचरू नये. कलिंगच्या युद्धात लाखभर माणसं मेली, दीड लाख हाकलली गेली आणि आपल्याला पश्चात्ताप झाला, हे त्याने तेराव्या शिलालेखात स्वतः सांगितलं. जगातला कुठला राजा असं बोलतो? पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, तो तेरावा लेख कोरलेला नाही. तिथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसं मारली त्यांच्या दारात तो मजकूर लावलेला नाही. याने अशोक लहान होत नाही. तो राजाही होता, एवढं कळतं.

आता भीमा कोरेगाव. सभेत थोडी चुळबूळ होईल, होऊ द्या.

दर वर्षी १ जानेवारीला आपण विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. बाबासाहेब स्वतः १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले होते. आज मोबाईलवर जे फिरतं ते असं, की पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना एका दिवसात कापून काढलं आणि पेशवाई संपली. आता साधनं काय सांगतात ते बघा. कॅप्टन स्टॉन्टन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर सुमारे पाचशे पायदळ, काही घोडेस्वार आणि तोफांवरचे थोडे गोरे, मिळून आठशे चौतीसच्या आसपास माणसं. पलीकडे पेशव्याचं सैन्य अठ्ठावीस हजारांपर्यंत सांगितलं जातं, पण गावात शिरून लढले ते दोन हजारांच्या घरात. त्यांच्यात अरब होते, गोसावी होते, मराठे होते. इकडे पलटणीतही एकटे महार नव्हते. स्तंभावर पडलेल्या एतद्देशीय शिपायांची एकोणपन्नास नावं आहेत. त्यांपैकी बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे, ती आपली माणसं. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, यहुदीही आहेत. जनरल स्मिथची फौज येते आहे हे कळल्यावर पेशवा रात्री निघून गेला. आणि पेशवाईचं म्हणाल तर पुणं त्याच्या आधीच, नोव्हेंबर १८१७ मध्ये, खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हातात गेलं होतं. बाजीराव शरण आला तो जून १८१८ मध्ये.

स्तंभ उभारला कुणी? कंपनी सरकारने. कशासाठी? आपल्या फौजेची शान दाखवायला. तिला अस्पृश्यतेचं काही सोयरसुतक नव्हतं. पुढे १८९० नंतर याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. शत्रू जितका मोठा दाखवावा तितकं आपलं शौर्य मोठं, हे साहेबालाही कळत होतं. म्हणून अठ्ठावीस हजारांचा आकडा सांगताना तो कुणाच्या वहीतला आहे हे लक्षात ठेवा.

मग आपण तिथे जाणं सोडायचं का? आमच्या मते तर मुळीच नाही. दिवसभर पाण्याचा घोट नाही, आठशेपैकी पावणेतीनशे मेले, जखमी झाले, बेपत्ता झाले, तरी गाव सोडलं नाही. ज्या माणसाची सावली पुण्यात चालत नव्हती त्याच्या हातात बंदूक होती आणि त्याचं नाव दगडावर आलं. बावीस नावं. ही बावीस नावं कुणी पुसू शकत नाही, कारण ती खरी आहेत. अठ्ठावीस हजारांचा आकडा मात्र कुणीही शाळामास्तर पाच मिनिटांत खोडून टाकील, आणि त्याच्याबरोबर ती बावीस नावंही खोटी ठरवून मोकळा होईल. याच स्तंभाचा दाखला देऊन शिवराम जानबा कांबळे यांच्या पिढीने सैन्यभरतीचा हक्क मागितला. त्या अर्जांत फुगवलेला आकडा चालला नसता. खरी नोंद लागत होती.

आणि हे नुसतं पुस्तकी भांडण राहिलेलं नाही. संभाजी महाराजांची हत्या मार्च १६८९ मध्ये झाली. त्यांचे अंत्यसंस्कार वढू बुद्रुकला कुणी केले? गोविंद गोपाळ महार यांची परंपरा एक सांगते, गावातल्या दुसऱ्या घराण्याची परंपरा दुसरं सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये यावरून फलकाचा वाद झाला, तीनच दिवसांनी १ जानेवारी २०१८ ला कोरेगावात दगडफेक, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीवरून एका आईचा पोरगा गेला. दोन्ही परंपरा शेजारी शेजारी मांडून, कोणती कधीपासून सांगितली जाते, कशात पहिल्यांदा लिहिली गेली, हे बसून तपासता आलं असतं. त्याऐवजी दगड हातात आले.

आमच्यातले काही जण म्हणतात, साहेब, त्यांचा इतिहास खोटा, त्यांनी बखरीत हवं ते लिहिलं, मग आपणच एवढा काटेकोरपणा का करायचा? याला उत्तर आम्ही देत नाही, बाबासाहेबांचं काम देतं. 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा ग्रंथ १९४८ सालचा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी उघड सांगितलं आहे की साधनं जिथे तुटतात तिथे आपण तर्काने पूल बांधला आहे, आणि हा सिद्धान्त अखेरचा शब्द नव्हे. एवढा मोठा माणूस, पण कुठे पुरावा आहे आणि कुठे अंदाज आहे हे वेगळं करून ठेवतो.

त्याहून पुढचं सांगतो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' आपण घरोघरी वाचतो. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलं आणि घर सोडलं, ही गोष्ट जगभरचे बौद्ध शेकडो वर्षं सांगत आले. बाबासाहेबांनी विचारलं, एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसलाच नव्हता हे पटतं का? आणि त्यांनी ती गोष्ट बाजूला ठेवून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा, त्यात सिद्धार्थाने युद्धाला केलेला विरोध, हे कारण मांडलं. धर्मानंद कोसंबींनीही 'भगवान बुद्ध' मध्ये पाली ग्रंथ तपासून या वाटेने विचार केला होता. पाली दीघनिकायात ती म्हातारा-रोगी-प्रेताची हकीकत विपस्सी नावाच्या आधीच्या बुद्धाबद्दल येते. आणि तथागतांची वचनं लेखी उतरली ती सिंहलद्वीपात, परिनिर्वाणानंतर काही शतकांनी. तोवर ती भिक्खूंच्या तोंडपाठ होती. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितलं तेही हेच, की ऐकीव आहे, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावर मान्य करू नका. ज्या धम्मात स्वतः शास्त्याच्या चरित्राला प्रश्न विचारता येतो, त्या धम्माच्या माणसाने मोबाईलवरच्या एका फोटोपुढे मान डोलवावी का?

आकड्यांचंच बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला किती लोकांनी दीक्षा घेतली? कुणी तीन लाख म्हणतं, कुणी पाच लाख. गर्दी अंदाजाने सांगतात, डोकी कुणी मोजत नाही. पण १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते आणि १९६१ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख ९० हजार. ही दारोदार जाऊन केलेली मोजणी. गर्दीच्या अंदाजापेक्षा हा आकडा भाषणात सांगा, समोरच्याची बोलती बंद होते.

आता ज्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही त्यांचं काय? हा आमचा चौथा प्रश्न. पेशवे दप्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत, पण ते सरकारी कारभाराचे. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसाने काय सोसलं हे त्याच्याच तोंडून त्यात कुठून येणार? ते आलं १८५५ साली, 'ज्ञानोदया'त छापलेल्या मुक्ता साळवे हिच्या निबंधात. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची मुलगी. पेशवाई जाऊन तेव्हा सदतीसच वर्षं झाली होती. तिच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिलेले. वरच्या जातीच्या बखरकारापेक्षा या मुलीची साक्ष आम्ही जास्त जवळची मानतो. ती लहान होती म्हणून नव्हे, ती जवळ होती म्हणून.

आपल्या मुळशीचं बघा. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह १९२१ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव सगळ्यांना पाठ आहे आणि असायलाच हवं. ज्या विजेसाठी ते धरण झालं तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पण नेत्यांच्या आठवणी नेत्यांच्या जागेवरून लिहिलेल्या असतात. भरपाई जमीन ज्याच्या नावावर त्याची. ज्याची जमीन सावकाराकडे गहाण, जो दुसऱ्याच्या खाचरात भात लावायचा, ज्याला वतनाच्या तुकड्याबद्दल गावकी करावी लागायची, तो पाणी चढल्यावर कुठे गेला? त्याचा इतिहास विचारायचा तर त्याच्या नातवंडांनाच विचारावा लागेल.

आणि हे होऊ शकतं, झालेलंही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या या मुळशी-मावळातल्या बायकांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; महाराष्ट्रभर मिळून त्या लाखावर गेल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. ओवीत सोन्याचा पाळणा असला म्हणून भीमरावांच्या घरी सोन्याचा पाळणा होता असं धरायचं नाही. पण पहाटे दळणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या बाईला ते कसे वाटत होते, याचा त्याहून पक्का पुरावा दुसरा नाही.

म्हणून विहाराच्या कमिटीने दोनशे पानी वही आणून ठेवली आहे. वहीत सांगणाऱ्याचं नाव, वय, माहेर आणि सासर लिहायचं. स्वतः पाहिलं की ऐकलं, ऐकलं तर कुणाकडून, हे न विसरता लिहायचं. म्हातारीला तारीख विचारू नका, तिला ती माहीत नसते. विचारा, पानशेत फुटलं तेव्हा केवढी होतीस, म्हणजे १९६१. कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर, म्हणजे १९६७. बहात्तरच्या दुष्काळात कुठे खडी फोडायला होतीस. मढी ओढणं आपल्या वाडीत कधी थांबलं, पहिल्यांदा कुणी नाही म्हटलं, घरातले देव कुणी आणि कुठे सोडले, विहाराची ही जागा कुणाकडून मिळाली. दोघींनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, आपल्या मनाने एक खोडू नका. आपल्या वाड्यावर नव्वदीच्या पुढच्या आता मोजून थोड्याच बाया उरल्या आहेत. भोजनदान झाल्यावर अक्षर चांगलं असलेल्या दोन मुलींनी कमिटीकडे नाव द्यावं, आणि उद्या दुपारपासून त्यांच्याच ओट्यावर बसायला सुरुवात करावी.

नमो बुद्धाय, जयभीम.